एकोणीस सूचना आणि एक शिट्टी

माझ्या हातून आयुष्यात एकच गुन्हा घडला, आणि तोही गुन्हे रोखण्याच्या नादात.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी ज्या संस्थेत कारकून होतो तिथे कपाशीवरच्या किडींचा अभ्यास करायला एक परदेशी मुलगी वर्षभरासाठी आली. तिला घरगुती माणसांत राहायचं होतं. सक्करदऱ्याला आमची माडीवरची खोली रिकामी होती; मी ती देऊ केली. साहेब म्हणाले, "पहिली तक्रार आली की तिला रामदासपेठेतल्या बंगल्यात हलवणार. तिथं कंपाउंड आहे, चौकीदार आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"मी आहे," मी म्हणालो.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला फारसा वेळ लागला नाही.

खरं तर मला काळजी होती ती आईची. बहीण लग्न होऊन मौद्याला गेल्यापासून आई कणीक मळायची ती एका माणसाची जास्तच, आणि उरलेल्या पोळ्या दारातल्या गाईला घालायची. मुलगी राहायला आली आणि त्या आठवड्यापासून गाय रिकाम्या तोंडाने परत जायला लागली. आई पुन्हा बोलू लागली होती, दुपारच्या भाजीला काय करू म्हणून विचारू लागली होती. मुलगी गेली असती तर हेही गेलं असतं.

म्हणून मी तिच्या सुरक्षिततेसाठी सूचना लिहून काढल्या. एकोणीस. कचेरीच्या टाइपरायटरवर, कार्बन लावून. या विषयातला माझा अधिकार म्हणाल तर देवळाबाहेरून माझ्या चपला दोनदा गेल्या होत्या, आणि दुसऱ्या वेळी त्या मीच दुसऱ्या दाराशी काढून आलो होतो.

"काहून भेवाडून राहिला गा तिले?" आई म्हणाली.

"नवखी आहे ती. तिला इथलं काय माहीत?"

"मंग माहिती दे ना. भेव काहून देतं?"

मी ऐकलं नाही. चौथी सूचना, अनोळखी माणसाच्या हातचं खाऊ नये. अकरावी, कोणी न विचारता आवारात शिरलं तर शिट्टी वाजवावी, मी धावत येईन. शिट्टी वडिलांची होती. ते शाळेत ड्रिलमास्तर होते. ते गेल्यापासून ती त्यांच्या फोटोजवळ खिळ्याला टांगलेली असे. आईने ती पदराने पुसली, नवा लाल गोफ ओवला आणि मुलीच्या गळ्यात घातली.

मुलगी भलतीच आज्ञाधारक निघाली. समोर विणकर काका-काकू राहत. काकू वाटीत पाटवडीचा रस्सा घेऊन माडीवर गेल्या. दार बोटभर उघडलं आणि आतून पुस्तकातून शिकलेलं मराठी आलं, "क्षमा करावी. मी आपणांस ओळखत नाही." काकू वाटी घेऊन खाली आल्या.

"आमच्या हातचं चालत नाही का वं तिले?" त्यांनी आईला विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो. उलटा होता, असं आई पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली.

त्यानंतर काकू माडीकडे बघेनात. गल्लीतल्या बाकीच्या बायकाही बघेनाशा झाल्या. दहा-बारा दिवसांनी मुलीने मला हळूच विचारलं, "येथील लोकांना मी आवडत नाही काय? मी बंगल्यात जावे काय?" आई जिन्याखाली तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबलेला मला दिसला.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. लुगडं मागावर चढवण्याआधी त्याचं उभं सूत, म्हणजे ताणा, गल्लीभर लांब ताणून बांधतात, त्याला खळ लावतात आणि दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत मोकळं करतात. हीच पांजणी. उन्हं चढायच्या आत उरकावी लागते, नाहीतर खळ वाळते आणि धागा धाग्याला चिकटून सगळा ताणा वाया जातो. काकांचा ताणा गल्लीपेक्षा थोडा लांब भरे. म्हणून त्याचं शेवटचं टोक आमच्या आवारातल्या कडुनिंबाला बांधायचं, ही वडिलांच्या वेळेपासूनची पद्धत. काका पहाटे फाटकाची कडी आवाज न करता काढत, आमची झोपमोड होऊ नये म्हणून. एकोणीस सूचनांत हे कुठेच नव्हतं.

झुंजुमुंजू झालं होतं. माडीवरून शिट्टी वाजली, आणि अशी वाजली की वडिलांना अभिमान वाटला असता. मी पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, काठी घेऊन, डोळे अर्धे मिटलेले, बाहेर धावलो. कडुनिंबाखाली वाकलेला माणूस दिसला. त्याच्या हातातला ताणा दिसला नाही.

मी थांबलो तेव्हा तो ताणा माझ्याभोवती होता.

काका तुटलेले धागे बघत राहिले. काकू आल्या, त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

"तू आता हालू नको गा," त्या मला म्हणाल्या. "एक धागा अजून तुटला तं मी तुलेच मागावर चढवीन."

मी हात पसरून उभा राहिलो. माझ्या चड्डीच्या नाडीत, कानांत, काठीत सूत अडकलं होतं. गल्लीतली चार-पाच माणसं धागे सांधायला बसली. तेवढ्यात मुलगी खाली आली. काय झालं ते तिला समजलं होतं. ती काकूंसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "मला शिकवावे."

काकूंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग राखेची वाटी पुढे सरकवली. "बोटाले राख लाव. दोन टोकं धर. असं पीळ. आता ओढून पाह्य."

किडींचे पाय मोजणारी बोटं होती ती. पाचव्या-सहाव्या धाग्याला काकू म्हणाल्या, "पोरीचा हात हलका हाये." आई चहा घेऊन आली. सगळ्यांना दिला, मला मात्र बशीने पाजला, कारण मला हलायची परवानगी नव्हती. उन्हं कडुनिंबाच्या शेंड्यावर आली तेव्हा काकांनी ताण्यावरून हात फिरवला आणि कुंचा उचलला. ताणा वाचला होता.

दुपारी काकूंनी वाटीत रस्सा आणला. मुलीने तो तिथेच जिन्यावर बसून खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अर्ध्याहून जास्त मिरचीचं.

शिट्टीची बातमी कचेरीत पोचलीच. साहेबांनी तिला विचारलं, "काही तक्रार?" मी शेजारी उभा होतो.

"एक मनुष्य काठी घेऊन धावत आला," ती म्हणाली. "त्याने पुष्कळ नुकसान केले."

साहेबांनी पेन उचललं. "कोण होता?"

"आमच्या घरचाच आहे," ती म्हणाली. "आम्ही सांभाळून घेऊ."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

घरी येऊन तिने शिट्टी आईला परत दिली. आईने ती खिळ्याला टांगली आणि कणकेचा डबा उघडला. पुढच्या पांजणीला काका फाटकापाशी आले, माडीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "मी हाओ वं पोरी." ती आधीच खाली येऊन कडी काढत होती.