विषाणूची गठाण

माझी मुलगी परदेशात ज्या विषाणूवर काम करते, तो माणसाला काही करत नाही. तो जंतूंना होतो. जंतूंनाही रोग होतात, हे मला तिच्यामुळे कळलं, तेही उशिरा, कारण बराच काळ मी तिच्या कामाची चौकशीच केली नाही. शिष्यवृत्तीचं तिनं मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिकीटसुद्धा तिकडच्यांनीच काढलं. आष्टीच्या बाजारात मी भाव करायला उभा राहिलो की लोक गंमत बघायला थांबायचे, आणि माझ्याच घरातला एवढा मोठा सौदा माझ्याशिवाय झाला. ते मला अजून पचलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती जालन्याला आली. कापसाचा हंगाम होता. रुई दाबायच्या दुसऱ्याच्या प्रेसमध्ये रुईच्या गठाणींना पट्ट्या बांधणारा हमाल म्हणून मी सुरुवात केली. आज प्रेस माझी आहे. वरून लोखंडी पाटा खाली येतो, खोलीभर रुई दबून कंबरेएवढी होते, हे ती लहानपणी तासन्‌तास बघायची. या खेपेलाही तशीच उभी राहिली.

"अण्णा, माझा विषाणू हेच करून राह्यला," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. विषाणू आधी रिकामी डबी तयार करतो. डबीला दार एकच. दारात एक मोटर बसते, कुठल्याही भिंगातून न दिसणारी, आणि ती डीएनएचा धागा आत ओढते. धागा डबीपेक्षा कितीतरी पट लांब. शेवटी शेवटी आत इतका दाब होतो, की ओढणं जड जातं, तरी मोटर सोडत नाही. पूर्ण धागा आत गेला की बाजूला होते.

"जंतूच्या पोटात जंतूचाबी धागा असंल ना," मी म्हणालो. "चुकून तो भरला तर?"

"न्हाई भरत. ह्याच्या धाग्याच्या टोकाला एक प्रथिन चिकटलेलं असतं. मोटर ती खूण ओळखते. खूण न्हाई तर आत घेत न्हाई."

"म्हंजे ज्या घरात वाढला, तिथलं कायबी नेत न्हाई."

हे कुणाला म्हटलं ते तिला कळलं.

"दुसरे काही मोठे विषाणू आहेत," ती म्हणाली. "ते डबी भरेपर्यंत कोंबतात आन् भरली की धागा तोडतात. त्यांच्याकडून कधीमधी घरमालकाचाच धागा भरला जातो."

"तो बरा."

"अण्णा, ती चूक असते."

"असू दे. माणूस तोच चांगला."

"विषाणू आहे तो."

"तरीबी."

तिच्यासाठी मी रजई करून घेतली होती. माझ्याच प्रेसमधली पहिल्या वेचणीची रुई, जुन्या जालन्यातल्या पिंजाऱ्याकडून समोर बसून पिंजून घेतलेली. तिनं ती उचलून पाहिली आणि खाली ठेवली. विमानात वजन बसत नाही म्हणाली.

"उशी द्या. उशी नेते."

"उशी कुणीबी देतं."

"तिकडं थंडीत घरं गरम असतात, अण्णा."

"मंग इकडं कशाला आलीस, गरमीच पाहिजे होती तर तिकडंच राहायचं."

तिची आई दारातून म्हणाली, "घ्या. बापलेकीचा बाजार भरला."

शेवटी मुलगी म्हणाली, बॅगेत मावली आणि वजनात बसली तरच नेईन. मावण्याचं मला सांगू नये. मी रजईची घडी घातली, गुडघा रोवला, प्रेसची पट्टी आवळली. बॅगेची चेन लागली. वजनासाठी बॅग आमच्या काट्यावर ठेवली, आणि ती काट्याकडे बघत असताना मी बॅगेची एक कड चपलेच्या टोकावर पेलून धरली. ही करामत मी हमाल असताना मालकाकडे पाहिली होती. माझ्याकडे कापूस घालायला येणाऱ्यावर कधी वापरली नाही.

"बसली की," ती म्हणाली. तिला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या विमानतळावरून तिचा फोन आला.

"अण्णा, काटा मारला ना?"

"काटा जुना आहे. कमीजास्त दाखवतो."

"इथं वजन जास्त भरलं, त्यांनी बॅग उघडायला लावली. पट्टी कापली आन् रजई उसळून बाहेर आली. आता कायबी केलं तरी आत जाईना."

जाणार नव्हतीच. दाबलेली रुई एकदा सुटली की हातानं परत बसत नाही. तिच्या विषाणूचंही तेच. आतल्या दाबाच्या जोरावरच तो आपला धागा पुढच्या जंतूत सोडायला लागतो, हे तिनंच सांगितलं होतं. पण मला राग आला.

"एवढी अडचण होत असंल तर टाक तिथंच बाकड्यावर."

फोनमध्ये तिच्या मागे भोंग्यावर कुठल्या तरी विमानाचं नाव पुकारत होते.

"अंगावर घेतली," ती म्हणाली. "लोक बघून राह्यले."

"गरमी न्हाई होत?"

"मरणाची."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुढच्या खेपेला येताना परत आणू का ही?" तिनं विचारलं.

"रजई राहू दे तिकडं. तू ये."

"बघते," ती म्हणाली.

बाजारात "बघतो" म्हणून गेलेलं गिऱ्हाईक सहसा परत फिरत नाही. मी फोन कानाला तसाच धरून राहिलो. तिकडून तो बंद झाला होता.