मंगलची गादीवाली चड्डी

चार बाया सायकलवर निघाल्या की किलोमीटर कमी आणि किस्सेच जास्त होतात. सिडकोतून पहाटे हर्सूलच्या पुढं जाऊन येणारा आमचा ग्रुप: मी डबेवाली, शबाना नर्स, बँकेतल्या मॅडम आणि पार्लरवाली मंगल. बाकीचे किस्से जाऊ द्या, चड्डीचेच सांगते. लाजायचं काय त्यात? बूड सगळ्यांनाच असतं!

गेल्या हिवाळ्यात आम्ही सायकलवर फर्दापूरला निघालो. मंगल सिल्लोडलाच उतरली. टेम्पोत चढवली, तर तिथंही बसता येईना. फर्दापूरपर्यंत उभी! घरी नवरा लई हसला. तेव्हाच ती म्हणली, "पुढच्या हिवाळ्यात सीटवर बसून पोचले नाय, तर सायकल विकून टाकीन!"

म्हणून ही चड्डी. थंडीसाठी लोकरीची, आणि बसायच्या जागी गादी शिवलेली.

*

सायकलच्या दुकानात दुकानदार मंगलला म्हणला, "ताई, पॅड सेमच येतो. जेंट्स काय, लेडीज काय."

मी म्हणलं, "तू कधी बाळंत झालास?"

त्यानं मागून बायकांचा, रुंद पॅडचा माल काढला. वर म्हणतो, "ट्रायल नाय."

"चप्पल पायात घालून बघतो ना? मग ही बसूनच बघणार!"

मंगलनं सलवारीवरूनच चड्डी चढवली आणि स्टँडवरच्या सायकलवर बसली. पहिलीची गादी उशीएवढी जाड. जरा पायडल मारले की मांडीत गोळा! दुसरीची पातळ, पण बोटानं दाबली की लगेच वर येणारी. तिच्यावर बसली ती उतरायचं नावच घेईना. शेवटी दुकानदारानंच हात जोडले, "ताई, दुकान बंद करायचंय!"

*

मॅडमना शबानानं सांगून ठेवलं होतं, "लोकर आधी गालाला घासून बघा. गालाला टोचली, तर तिकडं काय हाल होतील!"

मॅडम गुलमंडीत भर दुकानात चड्डी गालावर घासत उभ्या. तेवढ्यात मागून त्यांचे साहेब! "मॅडम, बरंय ना?"

मॅडम घाबरून म्हणाल्या, "हो सर, अजिबात टोचत नाही!"

*

नवी चड्डी घालून मंगल पहिल्यांदा निघाली, तर हर्सूललाच कण्हायला लागली. शबानानं विचारलं, "आत काय घातलंय?"

आत रोजची चड्डी, तिच्यावर ही, वर लेगिंग, त्याच्यावर सलवार!

"अगं, तू बाई आहेस का कांदा? आतली काढ! गादी अंगालाच लागली पाहिजे."

"आत काहीच नाय घालायचं? मी चांगल्या घरातली हाय!"

"घर चांगलंच आहे ग माँ, पण शिवण घासतीय ना!"

*

फर्दापूरला निघायच्या आदल्या दुपारी मंगलचा फोन. रडतच होती. "चड्डी दोरीवरून गेली!"

आम्ही सगळी गच्ची पालथी घातली. खालच्या बाईशी मी भांडूनही आले. नाय म्हणजे नायच!

दिवस मावळताना मंगलची सासू बहिणीकडून, गंगापूरहून आली. एरवी ही म्हातारी एसटीतून उतरली की कंबर धरून तिथंच बसते. आज पिशवी झुलवत चालत आली!

मंगलनं विचारलं, "आत्या, माझी चड्डी बघितली का?"

"बघायची काय? घातलीय!" म्हातारीनं लुगड्यावरून मागं थापटलं. "एवढे खड्डे, पण एक कळला नाय, बाई!"

चड्डी धुतली, पंख्याखाली वाळवली आणि पहाटे मंगल निघाली. सिल्लोड आलं, गेलं. मंगल सीटवरच! फर्दापूरला उतरली आणि हॉटेलच्या दगडी कट्ट्यावर मुद्दाम धपकन बसली. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिनं घरी फोन लावला, स्पीकरवर.

"आत्या, पोचले! बसून पोचले!"

"पोचलीस ना? मग काढ ती, आन कुणाजवळ तरी लगेच पाठवून दे. मला सकाळच्या गाडीनं गंगापूरला जायचंय!"