बर्चच्या सालीवरची पाच नावं

योगिनीचा दोर आज कोणी तपासला असेल, हा विचार मनातून जात नाही. माझी मुलगी झाडं छाटते. आर्नहेममध्ये, कमरेला दोर बांधून, हातात करवत घेऊन, तीन मजले उंचीवर. गेल्या गुरुवारच्या वादळात अर्धवट मोडलेल्या फांद्या अजून रस्त्यांवर लोंबताहेत, आणि रविवारपासून ती माझा फोन उचलत नाही.

ती पाच वर्षांची असताना आम्ही पुण्याहून फोरबर्गला आलो. मराठीत विचारलं की ती उत्तर डचमध्ये द्यायची. मोठेपणी मास्ट्रिख्टला भाषा शिकायला गेली आणि दुसऱ्या वर्षी सोडून आली. "मला बाहेर काम करायचंय, आई," एवढंच म्हणाली. पण शब्दांचं वेड काही सुटलं नाही. तिच्या टोळीत एक जर्मन, एक पोलिश, एक लिथुआनियन. डबा खाताना ते पांढऱ्या सालीच्या बर्चला आपापल्या भाषेत काय म्हणतात ते सांगत बसायचे. डच बेर्क, जर्मन बिर्के, पोलिश ब्झोझा, लिथुआनियन बेर्झास.

"आपलं काय?" तिने एकदा फोनवर विचारलं.

मी संस्कृत घेऊन बी.ए. झालेली. म्हटलं, "भूर्ज. भूर्जपत्रातला."

दोन दिवसांनी तिचा परत फोन. ही सगळी नावं एकाच मुळाची, उजळ, चमकणारं अशा अर्थाची. "फक्त रोमन लोकांनी घोळ घातला म्हणतात," ती हसत होती. "खाली इटलीत त्यांना हे झाड फारसं दिसेना, मग नाव दुसऱ्याच झाडाला चिकटवलं."

इथल्या मराठी मंडळात मात्र मी सांगत आले की योगिनी झाडांच्या नावांवर संशोधन करते.

रविवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वादळामुळे तिला त्या दिवशीही काम होतं, म्हणून ती येणार नव्हती. काम लवकर आटोपलं आणि ती तशीच ट्रेनने आली. केसांत भुसा, हातात चिखलाचे बूट. शर्मिला मंडळातली सगळ्यांत जुनी. तिने वाण हातात धरून योगिनीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय गं, संशोधनाला झाडावर चढावं लागतं वाटतं?"

बायका हसल्या. योगिनीने माझ्याकडे पाहिलं.

"फील्डवर्क असतं त्यांचं," मी म्हटलं.

तिने तिळगूळ घेतला, मोठ्यांना नमस्कार केला. दारात बूट घालताना हळूच म्हणाली, "तू पण रोमनच, आई."

आज चपलांच्या कप्प्यात बर्चची साल सापडली, कागदासारखी पातळ. त्यावर बॉलपेनने पाचही नावं. शेवटचं भूर्ज, देवनागरीत, एकदा खोडून पुन्हा नीट लिहिलेलं. मला द्यायलाच आणली असणार.

चार दिवस तिला फोन लावतेय. उचलला असता तर काय बोलले असते? जपून चढ, दोर बघ. ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

शर्मिला सकाळी आठला कामावर निघते. त्याआधी तिला फोन करायचा. माझी मुलगी झाडं छाटते, एवढंच सांगायचं. योगिनीला त्यानंतर.