उजवीकडच्या काकू

शेजारच्या काकूंना शेवटपर्यंत डावीकडून सुरू होणारी कुठलीही गोष्ट पटली नाही. सोफ्यावर उजव्या टोकाला बसत, वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत आणि कुणी हसलं की म्हणत, "आमचं शास्त्र आहे बाई ते!" काकू बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, माहेर अलिबागकडचं. घरात मराठी, प्रार्थना उजवीकडून डावीकडे लिहितात त्या हिब्रूत आणि भाजीवाल्याशी भांडण फर्मास हिंदीत. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी कचेरीत त्या टायपिस्ट होत्या. निवृत्त होऊन नोएडात आमच्या शेजारी आल्या आणि बघता बघता माझ्या लॅपटॉपच्या मालकीणच झाल्या.

निमित्त झालं नातीचं. इस्राएलमध्येच जन्मलेल्या तालियाचं लग्न ठरलं. लग्नाआधी घरी मलिदा करायचा, म्हणजे गूळ-खोबरं घातलेल्या गोड पोह्यांचं ताट मांडून प्रार्थना म्हणायची, ही त्यांची रीत. डॉक्टरांनी मात्र काकूंना विमानप्रवासाला साफ मनाई केली. "मी नाही, तर निदान माझा मलिदा तरी जाऊ दे," त्या म्हणाल्या. तालियाला मराठी येत नव्हतं, देवनागरी तर लांबच राहिली. मग काकूंनी ठरवलं, कृती सांगायची मराठीतच, पण लिहायची हिब्रू अक्षरांत. "अर्थ तिची आई सांगेल. पोरीच्या तोंडून माझे शब्द निघाले पाहिजेत."

ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये हिब्रू फाँट निवडणं म्हणजे मुली बघण्याचा कार्यक्रमच झाला. "ही फार रोड." "हिचे ठिपके बघ, कुठे घसरलेत!" हिब्रूत स्वर दाखवायला अक्षरांना ठिपके देतात, ते हलले की खोबऱ्याचं काय होईल कोण जाणे! शेवटी एक ठसठशीत फाँट पसंत पडला. "चलो, ही सून चालेल."

मजकूर उजवीकडे न्यायला काकू जुन्या सवयीनं स्पेसबार बडवत. दिशा बदलायचं बटण मी दाखवलं, तर म्हणाल्या, "अच्छा, मला टायपिंग शिकवणार तू? बिल्कुल हात लावायचा नाही." पण फाइल तालियाच्या फोनवर उघडली आणि ओळींची अशी दाणादाण उडाली की गूळ एकीकडे, पोहे भलतीकडेच. काकूंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी मुकाट्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "दाब बाई तुझं ते बटण."

मलिद्याच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला. काकूंनी बोलतात तसंच लिहिलं होतं, आणि तालिया छापलेल्या कागदावरून खणखणीत वाचत होती, "अगं बये, पोहे भिजव, बुडवू नकोस! खोबरं घालताना हात आखडू नकोस, आपण काय भिकारी आहोत?" कामाला लागलेल्या आपल्या आईलाच ती अर्थ न कळता झापत होती. आई आधी पोट धरून हसली, मग डोळे पुसू लागली. इकडे आमचीही तीच गत.

शेवटची ओळ होती, "आता माझं पान वाढ." आईनं अर्थ सांगितला. तालियानं कागद ठेवला, ताट वाढलं आणि आणून फोनसमोर मांडलं.

काकू पदर खोचून उठल्या.

"काकू, कुठे निघालात?"

"हात धुवायला," त्या म्हणाल्या. "नातीनं पान वाढलंय, दिसत नाही का?"