विज्ञानाइतकं पक्कं

टेक्सासच्या सीमेलगतच्या एका वस्तीत नेरेइदा कान्तू ही मुलगी राहायची. तिथं खात्रीच्या गोष्टीला ‘विज्ञानाइतकं पक्कं’ म्हणतात. अकरावीच्या पेपरात तिनंही लिहिलं, विज्ञान म्हणजे कायमचं पक्कं. सरांनी फुली मारली आणि का चुकलं ते समजावलं.

त्याच आठवड्यात पाणीखात्याचा साहेब वस्तीतल्या लोकांच्या बैठकीला आला. नळाच्या पाण्यानं तिच्या आईचे हात सोलवटले होते.

“पाण्यामुळंच झालं, हे अजून पक्कं नाही,” साहेब म्हणाला. “विज्ञानाला वेळ द्या.”

नेरेइदा ताडकन उठली. “विज्ञानात कायमचं पक्कं काहीच नसतं, साहेब! हातातल्या पुराव्यावर ठरवायचं असतं. इथं घरोघरी हात सोललेत. आणखी कशाची वाट बघताय?”

“पोरी, आधी शाळा पुरी कर.”

“तुमची झाली होती का?”

“बस गं बाई!” आईनं बाही ओढली.

नेरेइदा बसली नाही. साहेबच उठून गेला.