भरला डबा परत आला तेव्हा

मी घर सोडलं ते एसटीच्या खिडकीतून. मांडीवर गादीची वळकटी होती, त्यामुळं निरोप द्यायला आलेली माणसं धड दिसलीच नाहीत. मुखेडच्या स्टँडवर आमची अर्धी गल्ली जमली होती. कुणी हातात नारळ दिला, कुणी पेन दिलं. शेजारच्या काकूंनी खिडकीच्या गजातून हात आत घालून माझा गाल ओढला आणि म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई झालीस की आमचे गुडघे फुकट बघायचे बरं का!" सगळे हसले, मीही हसले. लातूरला नीटची तयारी करायला जाणं म्हणजे आमच्याकडं अर्धं डॉक्टर झाल्यासारखंच असतं. गाडी हलली तशी आई खिडकीबरोबर थोडी चालत आली. ती एवढंच म्हणाली, "डबा रोज पाठविते. उपाशी राहू नको."

डब्याचं सांगायलाच पाहिजे, कारण तुमच्यातल्या पुण्या-बंगळुरात वाढलेल्या पोरांना हे खोटं वाटेल. आमच्या भागातून लातूरला शिकायला गेलेल्या कितीतरी लेकरांचा डबा एसटीनं जातो. भल्या पहाटे आयांच्या चुली पेटतात, भाकरी फडक्यात बांधल्या जातात, आणि स्टँडवर नेऊन डबा कंडक्टरच्या हवाली केला की झालं. तिकडं लातूरच्या स्टँडवर पोरंपोरी गाडीची वाट बघत उभी असतात. माझ्या डब्याची पिशवी आईनं पोपटी ब्लाउजपीसची शिवली होती, दुरून ओळखू यावी म्हणून. त्या गाडीवर गणपतमामा कंडक्टर असायचे. पिशवी खिडकीतून माझ्या हातात देताना रोज एकच वाक्य म्हणायचे, "घ्या डॉक्टर, तुमचं औषध." मला ते वाक्य आधी गोड वाटायचं. मग कसंतरी व्हायला लागलं.

खरं सांगते, लातूरनं माझं काही वाईट केलं नाही. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी तिथनंच डॉक्टर झाल्या, आणि मजेत आहेत. माझंच तिथं जमलं नाही. मला फिजिक्स आवडायचं, पण 'का' विचारायची खोड होती. करंट असा का वाहतो, तसा का नाही? क्लासचे सर चांगले होते, पण त्यांच्यापुढं दोनेकशे पोरं. ते म्हणायचे, "का ते नंतर बघू बाई, आधी पर्याय टिक कर." तो नंतर काही आलाच नाही. बायोलॉजीची पानं डोळ्यांपुढून जायची आणि डोक्यात काही शिरायचं नाही. टेस्ट झाली की भिंतीवर नावं लागायची. माझं नाव शोधायला खाली वाकावं लागायचं.

मग मी काय करायचे? गाडी यायच्या कितीतरी आधी स्टँडवर जाऊन बसायचे. तिथल्या सिमेंटच्या बाकावर मला कुणी मार्क विचारत नव्हतं. शेंगा विकणाऱ्या आजी, उदगीरच्या गाडीसाठी भांडणारी माणसं, बाळाला पाजणाऱ्या बाया, सगळ्यांना आपापलं पडलेलं. लांबून मुखेडची पाटी दिसली की जीव भांड्यात पडायचा. दिवसातलं तेवढंच एक बरं होतं. गणपतमामांनी ते हेरलं आणि सरळ मनानं घरी सांगितलं, "तुमची पोरगी गाडीच्या लई आधी येऊन बसतीय."

आईनं यातून काय अर्थ काढला असेल? पोरीला भूक लागतीय! दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाकरी वाढली. मग शेंगदाण्याची चटणी आली, मग धपाटे आले, मग तुपाची डबी. मी जेवढी जास्त आधी जाऊन बसायचे तेवढा डबा जड व्हायचा. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता आणि रूमवरच्या मैत्रिणी मात्र आईला दुवा देत होत्या. आईला मी काय सांगणार होते? तिकडं ती पहाटे उठून धपाटे थापत होती.

एकदा नापास, मग रिपीट. रिपीटचाही निकाल लागला आणि घरात सगळे हळू बोलायला लागले. आमच्याकडं रिपीटरला पुन्हा रिपीट करायला लावतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसून तूर निवडत होते. मी म्हणाले, "आण्णा, मला नांदेडला बीएस्सी करायचीय. फिजिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स घेऊन." आत्या आली होती, ती पटकन म्हणाली, "म्हंजे मिक्सर दुरुस्त करणार का काय?" आण्णा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तूर निवडत निवडत म्हणाले, "बीएस्सी तर कुणीबी करतंय. तू हुशार हायस." मग सूप बाजूला ठेवून म्हणाले, "एक वर्ष बघू. लातूरची रूम मी सोडत न्हाई. जमलं न्हाई तर परत तिथंच."

रूम ओळखीच्यांची होती, त्यामुळं राहिली तशीच. माझी गादी, माझं टेबल, भिंतीवर चिकटवलेला पेशीचा तक्ता, सगळं जिथल्या तिथं. किल्ली आण्णांनी आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवली. सुट्टीत घरी गेले आणि वेणी घालायला आरशापुढं उभी राहिले की ती किल्ली दिसायची. मी अर्धी वेणी हातात धरून बाजूला सरकायचे. नांदेडचं वर्ष सरलं आणि आण्णांचं मन भरलं नाही, तर ती किल्ली परत माझ्या हातात येणार होती.

नांदेडला गेले त्या पहिल्याच दिवशी आईनं सवयीनं डबा लातूरच्या गाडीत दिला. मी नांदेडच्या स्टँडवर, डबा लातुरात. गणपतमामांनीच तो खाल्ला म्हणे, आणि दोडक्याची भाजी झकास होती असा निरोपही पाठवला. दुसऱ्या दिवसापासून गाडी बदलली, कंडक्टर बदलला, पोपटी पिशवी तीच राहिली.

कॉलेज काही फार मोठं नव्हतं. लॅबमधले पंखे कुरकुरायचे, आणि सीआरओ, म्हणजे ज्याच्या पडद्यावर करंटची लाट हिरव्या रेघेत दिसते ते यंत्र, त्यातला एक थोपटल्याशिवाय चालू व्हायचा नाही. पण तिथं 'का' विचारायला बंदी नव्हती. उलट इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडम मी काही विचारलं की उत्तरच द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "जोडून बघ की. वायर आहे, हात आहेत." पहिल्यांदा मला रागच आला. मग मी जोडून बघितलं. एलईडी लागला, आणि अहो, मी लॅबमध्ये मोठ्यानं हसले! मोटर जळाली की आण्णा शेतात ज्याला कंडेन्सर म्हणायचे, तो इथं कपॅसिटर होऊन माझ्या बोटाच्या पेरावर बसत होता. तो काय करतो हे मला पहिल्यांदाच कळत होतं. आपण मठ्ठ नाही, हे कळायला मला वायरचा तुकडा लागला.

आणि मग तो दिवस आला. रेक्टिफायरचं प्रॅक्टिकल होतं. घरात येणारी वीज पुढंमागं हेलकावे खाते, तिला चार डायोड लावून एकाच दिशेला वळवायचं, असं ते काम. पडद्यावर टेकड्यांची सलग रांग दिसायला पाहिजे. माझ्या पडद्यावर एक टेकडी, मग सपाट, मग टेकडी, मग सपाट. अर्ध्या टेकड्या गायब! शेजारचा म्हणाला, "अगं, बाकीच्यांचं बघून आकृती काढ आणि चल जेवायला." आमच्याकडं तशी पद्धतच आहे. मला ते करवेना. मी सगळं उपटलं, परत जोडलं. तेच. डायोड बदलला. तेच. बॅच संपली, पोरं गेली, दुसरी बॅच आली. मॅडमनी मला कोपऱ्यातल्या टेबलावर सरकवलं.

अखेर सापडलं. ब्रेडबोर्डच्या, म्हणजे ज्या छिद्रांच्या पाटीवर आम्ही वायरी खोचायचो तिच्या, कडेची पट्टी वरून सलग दिसायची, पण आतून मधोमध तुटलेली होती. माझा एक डायोड तुटक्या बाजूला बसला होता बिचारा. एक छोटी वायर टाकून दोन्ही बाजू जोडल्या आणि गेलेल्या टेकड्या आल्या की परत! मग कपॅसिटर लावला, आणि टेकड्यांमधल्या दऱ्या भरत भरत सरळ रेघ झाली. मी त्या रेघेकडं बघतच बसले.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "शीतल, दारात कोण आलंय बघ."

दारात आण्णा होते. चपला बाहेर काढून ठेवलेल्या, डोक्यावरची टोपी हातात, आणि दुसऱ्या हातात पोपटी पिशवी. मी डबा न्यायला स्टँडवर गेलेच नव्हते. कंडक्टरनं वाट बघितली, गाडीची वेळ झाली आणि भरला डबा मुखेडला परत गेला. माझा फोन लॅबबाहेरच्या बॅगेत मुका पडलेला. आईनं फोनवर फोन लावले, मग डबा उघडून बघितला, भाकरी जशीच्या तशी, आणि तिनं रडायलाच सुरुवात केली. लातुरात जी पोरगी गाडीच्या आधी येऊन बसायची, ती आज आलीच नाही म्हणजे काय झालं असेल? पेपरात काय काय छापून येतं ते आईबापांना माहीत असतं. आण्णा मिळेल त्या गाडीनं निघाले होते. वाटभर त्यांनी काय काय मनात आणलं ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते का आले हेसुद्धा मी विचारलं नाही! मी उठले, त्यांचा हात धरला आणि ओढत टेबलापाशी आणलं. "आण्णा, हे बघा. कंडेन्सर काढला की अशा टेकड्या. लावला की सरळ. बघा, परत काढते." मी काढत होते, लावत होते, बडबडत होते. आण्णा पडद्याकडं कमी आणि माझ्याकडं जास्त बघत होते.

मग त्यांनी मला व्हरांड्यात नेलं आणि डबा पुढं केला. उन्हं कलली होती. पहिला घास तोंडात गेला तेव्हा कळलं की मला वाघासारखी भूक लागलीय. तीच भाकरी, तीच चटणी, आणि मी बोटं चाटत होते. आण्णा पायरीवर बसून बघत होते.

"डबा न्यायला का आली न्हाईस?"

"अगं बाई! विसरलेच की."

"इसरली?"

"हाव. लक्षातच नाही आलं."

 आण्णांनी खिशातून फोन काढून आईला लावला. "काय न्हाई झालं. बरी हाय. जेवून राहिली. डबा इसरली म्हणती." तिकडून आई काहीतरी बोलली. आण्णांचा आवाज एकदम चढला, व्हरांड्यातली पोरं वळून बघायला लागली. "अगं इसरली म्हणतो न्हवं! लातुरात गाडीच्या आधी येऊन बसणारी आपली पोरगी डबा इसरली!" असं म्हणून ते हसायला लागले, आणि हसता हसता टोपीनं डोळे पुसले. माझा घास हातातच राहिला.

निघताना गाडीच्या पायरीवर पाय ठेवून म्हणाले, "लातूरची गादी आणतो उद्या. रूम सोडून टाकू." मी मान हलवली. गाडी गेली आणि मी स्टँडवरच्या बाकावर बसून पोटभर रडले. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि नंतरही क्वचितच. पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आरशाशेजारचा खिळा मोकळा होता. आईनं त्याला माझ्या रिबिनी अडकवल्या होत्या.

आता मी कुठं असते माहितीय का? लातुरात! एमएस्सी झाली, इथल्याच एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट आहे, इंडक्शनवर स्वयंपाक होतो, पार्किंगवरून शेजाऱ्यांशी वाद होतो. तेच गाव, तोच स्टँड, पण आता मला तिथं गाडीची वाट बघत बसावं लागत नाही. डबेवाली पोरंपोरी दिसतात. गाडीच्या फार आधी येऊन बसलेली एखादी दिसली, तर मी तिच्याशेजारी थोडा वेळ बसते. मार्क विचारत नाही.

तुम्ही जे गावाकडं राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, तुम्ही विचारता, आता घर कुठलं गं तुझं? मुखेड, नांदेड की लातूर? मला वाटतं, घर आईच्या फोनमध्ये आहे. ती विचारते, "जेवलीस का?" मी म्हणते, "नाही गं, प्रॅक्टिकलच्या नादात विसरले." दुसरी कुठली आई असती तर रागावली असती. माझी आई म्हणते, "बरं बरं, चालू दे तुझं," आणि तिकडं आण्णांना हसत हसत सांगते, मला ऐकू येतं.

परवा कॉलेजला सुट्टी होती. मी निवांत मेथीची भाजी केली, वेळेवर जेवले, ताट घासून ठेवलं आणि मोठ्या कौतुकानं स्वतःहून फोन लावला. "आई, आज वेळेवर जेवले बघ. पोटभर."

पलीकडं आईनं हातातलं भांडं खाली ठेवलेलं ऐकू आलं. मग आईचा आवाज आला, एकदम बारीक.

"शितले, काय झालं गं? आण्णाला गाडीत बसवून देऊ का?"