पथ्याची आमटी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी अलगद बाजूला सारत आले. आता तुम्हीच ऐका.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. कोल्हारला, प्रवरेच्या काठी आमचं टमाट्याचं रान होतं. धाकटी जाऊ शांता नवीनच आली होती. तिचं पोट भारी नाजूक. जरा आंबट गेलं की कळ यायची आणि पळावं लागायचं. वैद्य म्हणाले, संग्रहणी आहे, टमाटा तोंडाला लावू नका. पळायचं कुठे? तर रानात. आम्ही बायका पहाटे अंधारात जायचो, नाहीतर दिवेलागणीनंतर. उजेडात जाईल तिची गावभर शोभा.

तिची पथ्याची आमटी मी वेगळी करायचे. जीव होता म्हणून? छे. थोरलीचं कामच ते. आणि कौतुक मात्र तिचं — सासूबाई तिच्या भाकरीचा पापुद्रा आल्यागेल्याला दाखवायच्या. दहा वर्षं त्याच चुलीपुढे मी भाजत होते, माझा पापुद्रा कुणी पाहिला? जळत होते मी. दुसरं काय?

तोडणीचा दिवस होता. सकाळीच चार पिकलेले टमाटे उकडले, फडक्यातून गाळले, साल-बी राहू दिली नाही, आणि तिच्या आमटीत ओतले. आंबट लागू नये म्हणून वर गुळाचा खडा. इतक्या निगुतीनं मी कधी पुरणही केलं नव्हतं.

"अक्का, आज लई ग्वाड झालीया," ती म्हणाली. दोनदा घेतली. मीच वाढली.

उन्हं तापली तशी ती सरीत वाकली. ओठ चावले, पाटी घट्ट धरली — पण आडोसा कुठे होता? बांधावर सासरे, दीर, व्यापाऱ्याची माणसं. मी पदर धरून आडवी उभी राहू शकत होते. मी टमाटे तोडत राहिले. तिचं लुगडं भरलं. कुणीतरी हसलं. आणि मी? पदराआड मीही हसले.

आठ दिवसांत सासूबाईंनी तिला माहेरी धाडलं. निघताना ती माझ्या पाया पडली.

"माजं पथ्य तुमीच सांबाळलं, अक्का."

मी तोंडभर आशीर्वाद दिला. तिला परत कुणी आणलं नाही. पुढच्या वर्षी दिराचं दुसरं लग्न झालं.

तिची एसटी गेली त्या दुपारी मला सपाटून भूक लागली. टमाट्याची चटणी केली. दोन भाकरी खाल्ल्या. चटणी चांगली झाली होती.